दुसरं तरट नव्हतं

बिस्किट हातात घेऊन तारा "बिस्मिल्ला" म्हणाली आणि तिनं त्याचा तुकडा तोडला, एवढंच झालं होतं. नव्या शाळेतली मुख्याध्यापिकेची खोली, अंगावर काटा आणणारा एसी, काचेचं टेबल आणि टेबलापलीकडून कौतुकानं पुढं आलेली बशी. मागच्या सोफ्यावर अवघडून बसलेल्या कृष्णातरावांना आधी काही वेगळं घडलंय असं वाटलंच नाही. मग त्यांनी मुलाचे, विजयसिंहचे, कान पाहिले. मागून ते लालभडक दिसत होते. "अरे वा," बाई म्हणाल्या, "हे कुठं शिकलीस?" आणि कृष्णातरावांची नऊ वर्षांची नात गाल भरलेले असतानाच म्हणाली, "आमच्या शाळेत सगळीच म्हणत्यात." बाई हसल्या. त्या वाईट हसल्या नाहीत, आणि कृष्णातरावांना नंतर सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच. वाईट हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजूतदारपणे हसल्या. पोरीच्या डोक्यात कुठून तरी उवा झाल्यात, इथं आली की जातील, काळजी करू नका, असं ते हसणं होतं. कृष्णातरावांच्या सुनेनं, संयोगितानं, पर्समधून रुमाल काढून ताराचं तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं. तरी तिनं ते जोरात पुसलं.

घरी आल्यावर विजयसिंहनं किल्ली टेबलावर आपटली. "आप्पा, उद्या जाऊन हिचा दाखला घिऊन या. शनिवारपर्यंत दिला तर सीट हाय, न्हायतर गेली. आता एक दिवसबी पोरगी तिथं ठेवायची न्हाय मला. सगळं मिक्स पब्लिक भरलंय तिथं." कृष्णातरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मिक्स म्हणजे काय रे, असं त्यांना विचारायचं होतं. चिवडा असतो तसं? पण तोंडातून बाहेर पडलं ते, "बघतो." आयुष्यभर ते हेच म्हणत आले होते. वाचनालयात ग्रंथपाल असताना संचालकांपैकी कुणी यायचं आणि म्हणायचं, अमुक पुस्तक आतल्या कपाटात टाका, लोक नाराज होतात. ते म्हणायचे, बघतो. पुस्तक आत टाकायचे नाहीत, बाहेरही ठेवायचे नाहीत, घरी नेऊन वाचत बसायचे. याला कुणी धीर म्हणणार नाही, हे त्यांना कळत होतं.

त्यांना राग येत नाही असं लोक समजायचे. यायचा. पण तो दुपारी, खोलीत एकटे असताना, पुस्तकाच्या पानावर यायचा आणि पान उलटलं की मागं राहायचा. आज पान उलटेना. एकच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांना दिसत होती ती ताराच्या महापालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यातली पंगत. दुपारच्या खिचडीला पोरं मांडी घालून बसतात, बाई श्लोक सुरू करतात, पोरं तो ओढत, घाई करत संपवतात, आणि संपला की ताराची मैत्रीण शबनूर आणि तिच्या बाजूच्या दोघी-तिघी "बिस्मिल्ला" म्हणतात. कधी तरी शेजारच्यांनीही म्हटलं असेल. मग त्यांच्या शेजारच्यांनी. आता सगळी पंगत म्हणते, आणि श्लोकापेक्षा तेच जास्त मोठ्यानं, कारण त्यानंतर लगेच हात भातात जातो. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं. ताराला वाटत होतं जेवण असंच सुरू होतं, पायात दोन चपला घालतात तसं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला आज दुपारी कळलं होतं, रुमालाच्या रगडण्यानं. हे आठवलं की त्यांची बोटं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर घट्ट व्हायची. पोरीला त्या शाळेनं जे कळू दिलं नव्हतं ते या एसीतल्या खोलीनं एका बिस्किटात शिकवलं.

दाखला आणायला त्यांनाच जायचं होतं, कारण शाळेत पालक म्हणून नाव त्यांचंच होतं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी विजयसिंह पुण्याला कंपनीत होता, संयोगिता आईच्या आजारपणात गारगोटीला अडकलेली, आणि तारा आज्जाजवळ. मागच्या गल्लीतली शाळा, आपण शिकलो ती, म्हणून त्यांनी हात धरून नेली आणि सही केली. नंतर पुण्याची नोकरी सुटली, विजयसिंहनं इथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, दुकान चाललं, आणि गाडी दारात उभी राहिल्यावर त्याला शाळेच्या भिंतीचा उडालेला रंग दिसायला लागला. तोवर कृष्णातरावांना तो माहीत होता, दिसत नव्हता. आता, दुसऱ्या दिवशी सकाळी, ते शाळेच्या वाटेवर चालत असताना त्यांना तो दिसला आणि त्याचाही राग आला. महापालिकेला एक डबा रंग मिळत नाही. भिंत गुळगुळीत असती तर पब्लिक मिक्स आहे हे कदाचित कुणाच्या ध्यानातच आलं नसतं.

त्यांच्या वेळी या व्हरांड्यात बसायला गोणपाटाची तरटं टाकलेली असायची. एका तरटावर चार पोरं, जशी येतील तशी, आणि एकदा बसलं की वर्षभर तेच तरट. त्यांच्या तरटावर लालासाब होता, पिंजाऱ्याचा, त्याच्या केसांत कायम कापूस अडकलेला. गुंडू होता, त्याचे वडील चपला करायचे, त्याच्या कपड्यांना कमावलेल्या कातड्याचा वास यायचा. एक पोरगा सीमेकडचा होता, वडील मिलमध्ये, चिडला की कानडीत चिडायचा आणि शिव्या मात्र मराठीत द्यायचा. आणि एक कृष्णात, भिंतीकडंला चिकटलेला, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. लालासाबनं त्याला बडवलं होतं. चांगलं बडवलं होतं, उगीच, हा सारखा पुस्तकात तोंड खुपसून बसतो म्हणून, आणि पाटी फोडली होती. कृष्णातची आई त्याला फरफटत लालासाबच्या घरी घेऊन गेली. लालासाबची आई, लालबी, दारात आली आणि दोघी इतक्या कडाकडा भांडल्या की आतला कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज थांबला. "तुमचं पोरगं आमच्या पोराला दात दावतंय!" "आगं, दात हायत तर दावंल की! तुझ्याला तोंड हाय का न्हाय?" मग कधी तरी चहा आला. कोण हरलं कोण जिंकलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णात शाळेत गेला तेव्हा लालासाब त्याच तरटावर बसला होता, आणि कृष्णातला त्याच्याच शेजारी बसावं लागलं, कारण दुसरं तरट नव्हतं.

ते व्हरांड्याच्या पायरीपाशी थांबले. इतकी वर्षं या विषयावर पुस्तकं वाचली, त्यांत मोठमोठे शब्द होते, सहिष्णुता आणि सामंजस्य आणि काय काय, आणि वाचताना मान डोलली, पण त्यांतला एकही शब्द त्या तरटाला लागू पडत नव्हता. तिथं कुणी सहिष्णू नव्हतं. लालासाब तर मुळीच नव्हता. तिथं फक्त उठून जायला जागा नव्हती. भांडायचं, बोलणं टाकायचं, आणि पाटी पुसायला पाणी हवं म्हणून संध्याकाळच्या आत पुन्हा बोलायचं. सगळं गोडही नव्हतं. पाण्याच्या माठाला गुंडूनं हात लावायचा नाही असा दंडक होता, गुरुजी वरून ओतायचे आणि गुंडू ओंजळ धरायचा, आणि ती ओंजळ पाहत पाहत बाकीच्यांनी लोटी तोंडाला लावायची. पण ती ओंजळ कृष्णातच्या डोळ्यांसमोर होती, हातभर अंतरावर. जी पोरं दुसऱ्या शाळांत, आपल्यासारख्यांत शिकली ती आता म्हातारी होऊन म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुमच्या वेळी तुमच्यासमोर नव्हतं! हे वाक्य ते मनात इतक्या जोरात म्हणाले की ओठ हलले, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या दोन मुली त्यांच्याकडं बघून फिदीफिदी हसल्या.

आणि विजयसिंह? त्याला मामांनी संस्थेच्या शाळेत घातलं, ओळखीनं, आणि तिथं वर्गात नातलगच नातलग. त्याला नेहमीच दुसरं तरट होतं. एका दुकानदाराशी वाजलं की दुसरा, एका ग्रुपवर खटकलं की दुसरा ग्रुप. मागं शहरात गडबड झाली, इंटरनेट बंद पडलं, तेव्हा हा सहा फुटी गडी, लहानपणी तालमीत अंग मळलेला, दाराला आतून कडी घालून, वर कोचही लावून बसला होता. बाहेर गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कृष्णातराव घाबरट होते, जन्माचे घाबरट, शिपायालासुद्धा घाबरायचे, पण त्या दिवशी त्यांना भीती वाटली नव्हती, आणि का वाटली नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दूध संपलं म्हणून कोच बाजूला करायला सांगितला होता. विजयसिंहनं केला नव्हता.

अफसाना मॅडम, ताराच्या वर्गशिक्षिका, सध्या मुख्याध्यापकांचंही काम त्याच बघत होत्या. कृष्णातरावांना पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "या आजोबा. ताराचं काय?" ते म्हणाले, दाखला. मॅडमनी खण उघडला, छापील अर्ज काढला, पेन त्यावर आडवं ठेवलं. "बसा. सही करा हितं. तुम्हीच ॲडमिशन घेतल्यालं, तुमची सही चालती. न्हायतर वडलांनी सोता यायला पायजे." एवढ्या सरावानं त्या हे म्हणाल्या की कृष्णातरावांच्या कानशिलात घण पडायला लागले. या बाईंना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी विचारायला हवं होतं, का नेताय. "तुम्ही काहीच म्हणणार नाही?" ते म्हणाले. "काय म्हणू?" "काय म्हणू म्हणजे? पोरगी चांगली आहे, का नेताय, असं म्हणता येत नाही? पोरं एकेक करून निघालीत आणि तुम्ही सह्या घेत बसलाय! तुम्हीच असं गप्प बसलात तर..." त्यांचा आवाज चिरकला. आपला आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. अफसाना मॅडमनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माझ्यावर काय वरडायलाय आजोबा? मी नेतीया व्हय तुमची नात? घरात जाऊन वरडा की."

पाढे पुन्हा सुरू झाले. मॅडम कमी आवाजात म्हणाल्या, "त्या बिस्मिल्लाचंच हाय न्हवं? संयोगिताताईंचा फोन आलता. मी सांगितलं हुतं पोरींना, मनातल्या मनात म्हणा म्हणून. ऐकत्यात कुठं? तुमची ताराच सगळ्यांत मोठ्यांदा म्हणती. आता त्यात पण माझंच नाव यायचं." कृष्णातरावांनी मान खाली घातली. ज्या बाईला बोलायची सगळ्यात कमी सोय होती तिच्यावर ते ओरडले होते, आणि जिथं ओरडायचं तिथं "बघतो" म्हणून आले होते. याचा इतका संताप आला की त्यांनी पेन उचललं, त्याचं टोपण लावलं, आणि टेबलावर ठेवताना ते खाली पडलं. ते उचलायला वाकले, गुडघा वाजला, आणि वाकलेल्या अवस्थेतच ते म्हणाले, "नाही करणार मी सही."

"मग त्यांनी यायचं," मॅडम म्हणाल्या. "बापाला मी नाही म्हणू शकत न्हाय."

संध्याकाळी विजयसिंह दुकानातून मोटारसायकलवर आला, पाय धुतले, आणि विचारलं. कृष्णातरावांनी दिवसभर वाक्यं जुळवली होती. तरटाचं सांगायचं, गुंडूच्या ओंजळीचं, दिसणं म्हणजे काय ते. "नाही आणला," ते एवढंच म्हणाले. "न्हाय म्हंजे? बंद हुतं?" "बंद नव्हतं. मी सही केली नाही. करणार नाही." संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. विजयसिंह आधी हसला. "काय आप्पा, चेष्टा करायलाय व्हय?"

"तुझ्या आईनं तुला फकीर केलं होतं," कृष्णातराव म्हणाले. ते असं काही म्हणणार होते हे त्यांना माहीत नव्हतं. "तू तापानं फणफणला होतास. डॉक्टर झाले, सगळं झालं. तिनं तालमीतल्या पीराच्या पंजाला नवस बोलला, आणि मोहरमात तुझ्या गळ्यात दोरा घालून पाच घरं मागायला नेलं. तूच फकिरासारखा दारोदार उभा राहिलास झोळी घेऊन. तेव्हा तुझं तोंड कुणी पुसलं नाही!" "ते येगळं हुतं आप्पा!" "काय वेगळं होतं?" "तवाचं येगळं! तवा लोक येगळी हुती! तुम्ही पुस्तकातनं डोकं काढून बघा जरा भाईर काय चाललंय. माझ्या पोरीला उद्या कोण कायतरी बोललं तर? वर्गात कुणी चिडवली तर? तुम्ही जाणार व्हय भांडायला? तुम्ही?" त्या शेवटच्या "तुम्ही"त सगळं होतं. कृष्णातरावांना ते लागलं आणि त्याच वेळी त्यांच्या ध्यानात आलं की हा पोरगा भ्यालाय. हा चिडलेला नाही, हा लहान पोरासारखा भ्यालाय, आणि भ्यालेल्याला समजून घ्यावं असं पुस्तकांत असतं. पण त्यांना समजून घ्यायचं नव्हतं. भीतीला समजून घेत घेतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. "जाईन," ते म्हणाले. "जाईन भांडायला."

"मामंजी, हळू बोला, पोरगी ऐकतीया," संयोगिता म्हणाली. तारा पलंगावर पोटावर पडून काहीतरी रंगवत होती. "तिलाच विचारा की मग," विजयसिंह म्हणाला, "तारा, कुठली शाळा पायजे गं तुला?" तिनं मान वर केली नाही. "नव्या शाळेत लई मोठा झोपाळा हाय," ती म्हणाली. "पन मागं शबनूर पायजे ढकलायला." विजयसिंहनं हात झाडले, आणि कृष्णातरावांना क्षणभर वाटलं, आपणही हात झाडावेत. झोपाळा कुणाला नको असतो? आपण हे पोरीसाठी करतोय, की आपल्याला तरटावर पुन्हा बसायचंय म्हणून? आपल्याला काय कळतं? साऱ्या जन्मात एका माणसालाही न पटवू शकलेल्या माणसानं एका मुलीचं आयुष्य ठरवावं? शंका जुन्या ओळखीच्या होत्या, एकेक येऊन शेजारी बसत होत्या. नेहमी त्या आल्या की राग उठून जायचा. आज तो गेला नाही. "उद्या शनिवारी शाळेला मी सोडणार तिला," ते म्हणाले. "शनिवारी मीच जानार हाय शाळेत," विजयसिंह म्हणाला. "बघतो मी कोण आडवतंय."

शनिवारी सकाळची शाळा. संयोगिता उठून स्वयंपाकघरात काहीतरी करत होती, पण ताराची वेणी घालायला आली नाही. कृष्णातरावांनी घातली. ती कानामागं सुटली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. विजयसिंह अजून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. ते दोघं बाहेर पडले तेव्हा दुधाच्या गाड्या परत निघाल्या होत्या. गल्ली ओलांडताना त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला त्यांचा खांदा ताठ होत होता. ते काय बोलायचं ते मनात घोळवत होते, तू बाप असशील पण, असं सुरू करायचं, नाही, असं नको, आणि तेवढ्यात तारा थांबली. "आज्जा, हात सोडा की. दुखायलाय." त्यांनी खाली पाहिलं. तिची बोटं त्यांच्या मुठीत पांढरी पडली होती. त्यांनी मूठ उघडली. ती बोटं झटकत फाटकातून आत पळाली, आणि आत गेल्या गेल्या तिचा आवाज आला, शबनूरशी भांडणारा, "ए, ती जागा माझी हाय, ऊठ!" आणि त्याहून मोठा आवाज, "तुझं नाव लिवलंय व्हय तिथं?"

कृष्णातराव घरी परतले नाहीत. फाटकासमोर चहाची टपरी होती, तिच्या कडेला फळकूट टाकलेलं, त्यावर ते फाटकाकडं तोंड करून बसले. घंटा झाली, प्रार्थना झाली, वर्ग भरले. टपरीवाला नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. त्यानं त्यांना फाटकाकडं टक लावून बसलेलं पाहिलं आणि न मागताच अर्धा कप चहा पुढं केला. "पावणं, घ्या. कुणी येनार हाय काय?"

कोपऱ्यावरून एक मोटारसायकल वळली. ती विजयसिंहचीच होती.

"आलाय," कृष्णातराव म्हणाले, कप फळकुटावर ठेवला आणि उठून फाटकात जाऊन उभे राहिले.